आमचे तांदूळ, त्यांची चूल

मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी जनाआजीच्या कपाळावर तांब्यातलं पाणी तीन वेळा ओतलं आणि तिचा बाप्तिस्मा केला. मी सोळा वर्षांची होते. जनाआजी हिंदू होती. ती मरते आहे असं मला वाटलं. ती मेली नाही.

एवढं लिहून मी वही मिटली, ती आठवड्याने उघडली. माय गेल्यापासून माझं असंच चाललं आहे. चहा उकळून आटतो, वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस दोरीवर राहतात. शाळेत मी मुलांना वर्षानुवर्षं निबंध शिकवला. सुरुवात, मध्य, शेवट असं फळ्यावर लिहून द्यायचे. आता माझ्यावर वेळ आली तर सुरुवात पाच वाक्यांत संपली आणि पुढचं सगळं मध्यच आहे असं वाटतं. तरी लिहिते. मला घाई नाही, आणि वाट बघणारंही कोणी नाही.

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या एका वाडीत. चिऱ्याच्या भिंती, कौलं, आणि पुढच्या अंगणात पायची सुतारशाळा. पाय म्हणजे माझे वडील. आमच्यात वडिलांना पाय आणि आईला माय म्हणत. पाय दारं-खिडक्या करायचे, लग्नाची कपाटं करायचे, आणि वाडीत ख्रिस्ती घरात कोणी गेलं की शवपेटीही तेच करायचे. रंध्याचा आवाज हा आमच्या घराचा श्वास होता. तो थांबला की स्वयंपाकघरातून माय विचारायची, "काय झाला हो?" फणसाच्या पिवळ्या लाकडाचा भुसा आमच्या केसांत, अंथरुणात, कधी कधी पेजेतही असायचा. मे महिन्यात त्यात आणखी वासांची भर पडे. पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलं की मायचे हात मनगटापर्यंत लाल व्हायचे, सोलं सुपात वाळायची, मागच्या दारी बांगडे सुकायचे आणि त्यांच्यावर नजर ठेवून बसलेल्या मांजराला पाय खिळा फेकून मारायचे. तो कधी लागला नाही. पायना तो लागायला नकोच होता. सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा, दुपारी भात आणि माशाची आमटी, संध्याकाळी दिवा लागला की गुडघे टेकून तेर्स, म्हणजे जपमाळ. दहा-दहा मण्यांच्या चौथ्या दशकापर्यंत मायला डुलकी लागायची. पाय मग 'नमो मारिया' मोठ्याने म्हणायचे, आणि ती दचकून, जणू जागीच होते अशा आवाजात, पुढची ओळ धरायची.

ती दमलेली असायची कारण दिवसभर ती स्वतःच्या घरापेक्षा दुसऱ्यांच्या घरात जास्त राबायची. आमची इगर्ज, म्हणजे चर्च, लहान. तिच्या दारात एक पत्र्याचा डबा असे. रविवारी मीसला, म्हणजे प्रार्थनेला, येताना प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ यायचे आणि त्या डब्यात पडायचे. ते तांदूळ वाडीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी. सोमवारपासून शनिवारपर्यंत सकाळची मीस झाली की माय तांदूळ घेऊन फेरीला निघायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर. पेज करून भरवायची, अंग पुसायचं, कूस बदलायची, नखं कापायची, पाठीला जखमा झाल्या असतील तर कडुलिंबाच्या पाण्याने धुऊन खोबरेल लावायचं. फादरांनी याला काही मोठं नाव दिलं होतं. वाडीत सगळे 'पेजेची फेरी' म्हणत.

सुरुवातीला माय पेज आमच्याच घरी करून किटलीतून न्यायची. ख्रिस्ती घरांत ते चालायचं. पण मळ्यापलीकडे हिंदू शेतकऱ्यांची घरं होती, तिथेही माणसं म्हातारी होत होती, आणि तिथे आमच्या चुलीवरचं शिजलेलं चालणार नव्हतं. त्याचा कोणी बाऊ केला नाही. मार्ग जनाआजीनेच काढला. जनाआजी म्हणजे वसंतदादांची आई. पाय घसरून पडली, कंबर गेली, ती पुन्हा उभी राहिली नाही. पहिल्या दिवशी माय रिकाम्या हातांनी नुसती बघायला गेली, तेव्हा आजी खाटेवरून म्हणाली, "तांदळाक धर्म नसता गो इजा, मडक्याक आसता. तू तांदूळ हाड, मडक्या आमचा." मायचं नाव इजाबेल, सगळे इजाबाय म्हणत, आजी एकटी इजा. तेव्हापासून तसंच ठरलं. आमचे तांदूळ, त्यांचं पाणी, त्यांची चूल. आजीची सून सुलभा वहिनी चूल पेटवून मडकं चढवायची, माय तांदूळ धुऊन द्यायची, वहिनी ढवळायची, माय भरवायची. मळ्यापलीकडच्या इतर घरांतही मग हीच रीत पडली. आज हे सांगितलं तर कोणी हसेल, कोणी रागावेल. मला त्या रीतीत दोन्ही बाजूंचा शहाणपणा दिसतो. कोणी कोणाला बदलायला लावलं नव्हतं आणि पेज वेळेवर होत होती.

मायचा एकच नियम होता. त्यांच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी, आत जायच्या आधी, ती कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण करायची आणि मग त्या घरात देवाचं नाव काढायची नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "देव तोंडात नको. हातात आसलो तर आसांदे."

जनाआजीची जीभ कमरेबरोबर गेली नव्हती. माय पाठ पुसायला लागली की ती सुरू व्हायची.

"हळू गो! मी माणूस आसंय, मासो न्हय, खवलां काढतंस ती."

"मासो असतंस तर बरा झाला असता आजये. मासो गप तरी रवता."

"तुझो पाद्री तुका ह्येचो पगार काय देता गो?"

"शिव्या देता. फुलां बदलूची रवली म्हणान."

"आणि ह्या तुझा चेडू? बोलता काय, की नुसता पुस्तकांचो वास घेता?"

"आमच्या घरात कोणीतरी गप बसाक व्हया ना? म्हणान ता बसता."

मी खरंच गप असायचे. कोपऱ्यात बसून आजीच्या पायांना तेल लावायचे आणि मनात हजार गोष्टी बोलायचे. आजी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवायची, सोडायचीच नाही. माझी आजी मी पाहिली नव्हती. या आजीच्या हाताला तेलाचा, तंबाखूचा आणि जुन्या लुगड्याचा वास होता, आणि मला तो आवडायचा.

आता जे लिहायचं ते अवघड आहे. त्या वर्षी मी दहावीची परीक्षा दिली होती आणि ईस्टरनंतर बिशपांच्या हातून माझं दृढीकरण झालं होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी पहिली आले होते. संतांची चरित्रं होती तेवढी वाचली होती. जंगलात, तुरुंगात, जहाजावर मरणाऱ्यांच्या मस्तकावर पाणी घालून त्यांना स्वर्गाचं दार उघडून देणारी माणसं मला आमच्या नातेवाइकांपेक्षा जवळची वाटायची. वर्गात सिस्टरांनी शिकवलं होतं की, माणूस मरणाच्या दारी असेल आणि फादर जवळ नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. साधं पाणी पुरतं, शब्द तेवढे बरोबर हवेत. त्याची इच्छा असली पाहिजे, हेही त्यांनी सांगितलं असणार. मला ते आठवत नाही. जे आपल्याला हवं असतं ते सोळाव्या वर्षी नीट ऐकू येतं. मायचं काम मला तेव्हा अर्धवट वाटायचं. पाठ धुतेस, नखं कापतेस, आणि आत्म्याचं काय? हे मी तिला कधी म्हटलं नाही. मनात मात्र मी तिच्यापेक्षा वरची होते.

त्या गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा आजीला शुद्ध नव्हती. दोन दिवस ताप होता, श्वास लांब-लांब पडत होता आणि मध्येच थांबत होता. वसंतदादा सायकलवरून डॉक्टरांना आणायला गेले होते. मायने आजीचे पाय चाचपले, ते गार होते. ती म्हणाली, "सुलभे, तुळशीचा पान हाड." वहिनी रडत अंगणात गेली. माय पाणी गरम करायला मागे चुलीकडे गेली. खोलीत मी आणि आजी. खाटेशेजारी त्यांचा तांब्या होता, त्यांच्या विहिरीच्या पाण्याने भरलेला. आजीचा श्वास थांबला. मी मोजायला लागले. सात, आठ, नऊ. मग मी तांब्या उचलला, तिच्या कपाळावर तीनदा पाणी ओतलं आणि ते शब्द म्हटले, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. शब्द बरोबर म्हटले. तांब्या होता तिथेच परत ठेवला. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले असेन.

मग आजीने एक मोठा श्वास घेतला, आणि आणखी एक. माय गरम पाणी घेऊन आली. ओली उशी बघून तिला वाटलं, मी घाम पुसायला ओला फडका पिळला. वहिनीने तुळशीचं पान आजीच्या ओठांवर ठेवलं. डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली, गोळ्या दिल्या. शनिवारी आजीचा ताप उतरला आणि रविवारी ती पेज खारट झाली म्हणून सुनेवर ओरडली.

ती शुद्धीवर नव्हती असं आम्ही समजत होतो. ऐकू मात्र तिला येत होतं. डोळे मिटलेलेच, त्यामुळे कोण ते तिला कळलं नाही. पण कपाळावर गार पाणी पडलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि कोणीतरी मंत्रासारखं काही पुटपुटलं, हे तिने मुलाला सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, नवल म्हणून. वसंतदादांनी ते बाजारात कोणाला तरी सांगितलं. त्याचा अर्थ काय होतो ते त्यांना तिथे कळलं.

मंगळवारी दुपारी ते आमच्या पडवीत आले. माय रातांबे फोडत होती, मी बिया वेगळ्या करत होते. वसंतदादा शांत माणूस. आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही.

"ये रे वसंता, बस," माय म्हणाली.

"बसाक नाय इलंय. आवस म्हणता, तिच्या कपाळार कोणीतरी तीनदा पाणी घातल्यानी आणि तुमचा कायतरी म्हटल्यानी. खरा काय ह्या?"

मायने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एखादं मूल घरात आलं की आई जशी नुसतं बघून ओळखते, याला ताप आहे, तसं तिने बघितलं. मग ती वसंतदादांकडे वळली.

"खरा."

"कोणी घातल्यान?"

"मी."

सुतारशाळेतला रंधा थांबला.

"आमी तुका चुलीपर्यंत येवक दिलाव, इजाबाय," वसंतदादा म्हणाले. "माझी आवस शुद्धीर असती, तर तुका तिका इचारूचा लागला असता. तू इचारलंस नाय. आजपासून येव नको."

माय उठून उभी राहिली. लाल हात तिने पुढे धरले होते, लुगड्याला लागू नयेत म्हणून. ती म्हणाली, "बरा. पण म्हातारेच्या पाठीचा काय? आज जखम धुवची होती."

"आमी बगू," ते म्हणाले आणि गेले.

मी तोंड उघडलं नाही. वसंतदादा गडग्यापलीकडे दिसेनासे झाल्यावर मी म्हणाले, "माय, मी सांगतंय जावन." आणि ती म्हणाली, "नको. तुका कॉलेजात जावचा आसा, ह्याच वाटेन. माका खंय जावचा आसा?" पुन्हा बसून तिने रातांबा उचलला. ते 'नको' मला हवंच होतं. ते मिळाल्याबरोबर मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे आयुष्यात मला बऱ्याच गोष्टींची लाज वाटली, पण त्या सुटकेइतकी कशाचीच नाही. संध्याकाळी तेर्स सुरू करण्याआधी पायनी तिला विचारलं, "खोटा कित्या बोललंस?" ती म्हणाली, "तुमी सुरवात करा." त्या दिवशी तिला डुलकी लागली नाही. पाय माझ्याशी त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

बातमी मळ्यापलीकडे एका दिवसात पोचली. आठवडाभरात एकेक दार बंद झालं, तेही भांडण न करता. कोणी म्हणालं, पाहुणे आलेत, आज राहू दे. कोणी म्हणालं, सुनेला जमतं आता. एका घरातून आधीचे उरलेले तांदूळ पिशवीत बांधून परत आले. गावातली चार माणसं फादरांना भेटायला आली. फादर वसईकडचे, तरुण, शुद्ध मराठी बोलणारे, त्यांनी मायला बोलावलं आणि माझ्यासमोर सुनावलं, "तुम्ही इतकी वर्षं कमावलेलं एका तांब्याने घालवलंत, इजाबाय. थोडे दिवस फेरी बंद ठेवू." माय म्हणाली, "बरा फादर." ते थोडे दिवस संपलेच नाहीत. डबा दारात होता तिथेच राहिला, सणासुदीला भरायचा, पण तांदूळ मग आमच्याच लोकांत वाटले जायचे.

शनिवारी मी कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, गेले. जाळीपलीकडे फादर होते. त्यांना सगळं सांगितलं, पाणी कोणी घातलं आणि कोण गप बसलं ते. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी प्रार्थना दिल्या नाहीत. म्हणाले, "मळा ओलांडून जा आणि खरं सांग. एवढंच." कुमसारात ऐकलेलं फादरांना कुठेही बोलता येत नाही. माय निर्दोष आहे हे त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं आणि ते कोणाला सांगू शकत नव्हते, मायलाही नाही. त्यानंतर मायशी ते फार हळू बोलायचे. माझ्याकडे रविवारी एकदा बघायचे, आणि मी मान खाली घालायचे. जूनमध्ये मी कुडाळला कॉलेजात गेले, मावशीकडे राहिले, आणि पुढचं कुमसार तिथल्या फादरांकडे केलं. त्यांना हे सांगितलं नाही.

मळा ओलांडायला दहा मिनिटं लागत. मी पुष्कळदा निघाले. दिवाळीच्या सुट्टीत एकदा गडग्यापर्यंत पोचले. आतून आजीच्या कण्हण्याचा आवाज येत होता. दारात वसंतदादांची सायकल होती. मी परत फिरले आणि घरी सांगितलं की, समुद्रावर गेले होते. पुढच्या आंब्यांच्या दिवसांत आजी गेली. माय गडग्याबाहेर उभी राहिली, आत गेली नाही. मी परीक्षेत होते.

मग माझी नोकरी, माझं एकटीचं घर, पायचं जाणं. मायला मी कुडाळला आणलं. इथल्या दोन खोल्यांत तिने मला पुष्कळ वर्षं साथ दिली. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणावर होती. तिची पाठ मीच धुतली. वॉटरबेड आणला, औषधाची पावडर आणली, तरी एक जखम झालीच. एका सकाळी ती कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी बोळ्याने जखम पुसत होते, तेव्हा तिने विचारलं, "गो फिलू, मगे त्या म्हातारेची पाठ कोणी धुतल्यान?"

इतक्या वर्षांत त्या मंगळवारबद्दल तिने काढलेला हा पहिला शब्द. मी म्हटलं, "माका म्हायत नाय, माय." ती म्हणाली, "माका पण नाय." मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "ता सोड गो. पाठ कोणी धुतल्यान ता इचारतंय मी." मग तिला झोप लागली. फेब्रुवारीत ती गेली. दफनासाठी तिला वाडीत नेलं, तिथे इगर्जीत मळ्यापलीकडची तरुण मुलं आली होती, मला न ओळखणारी. त्यांनी खांदा दिला. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं की, सुलभा आजी कुडाळातच असतात, मुलाकडे, माझ्या शाळेच्या मागच्या रस्त्याला.

मी महिनाभराने गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा आणि सून दोघंही कामावर, दिवसा एक बाई येते. तिने दार उघडलं. सुलभा वहिनी खिडकीपाशी खाटेवर बसल्या होत्या, पाय सुजलेले, एकटीने उठता येत नव्हतं. ओळखायला वेळ लागला त्यांना. "इजाबायचा चेडू! ता मुक्या!" असं म्हणून त्या हसल्या. माय गेली हे ऐकून म्हणाल्या, "माका कोणी कळवक नाय." चहा आला. मी तो तसाच ठेवला आणि सांगितलं. पाणी मी घातलं होतं, माझ्या मायने नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी बोलू दिलं.

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"तू घातलंस की तिणा घातल्यान," त्या म्हणाल्या, "म्हातारेक त्येचा काय? ती तर म्हणा, गार वाटला माका. ह्यांका राग इलो. ह्यांचा चुकला नाय."

"नाय चुकला," मी म्हटलं.

"मगे आता सांगतंस ता कोणाक? हे गेले. म्हातारी गेली. इजाबाय गेली."

"वहिनी, आजीची पाठ मगे कोण धुवायचा?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. हसू पूर्ण गेलं होतं.

"कोण धुतलो? मी. माझ्या पोटात तेव्हा हो झील होतो, आठवो म्हयनो, मगे तो तान्हो. माका एकटेक तिका कुशीर करूक जमा नाय. रोज करूक व्हया, ता चार दिवसांनी होय. शेवटाक किडे पडले गो." त्या थांबल्या. "तू तेव्हा येवन सांगलं असतंस, तर ह्यांनी तुका दोन शिव्या घातल्यानी असत्यानी. आणि इजाबाय येत रवली असती."

काम करणारी बाई आतून म्हणाली, "आजी, पाय वर घ्या, सूज वाढते." वहिनींना ते एकटीने जमेना. मी उठून त्यांचे पाय उचलले, खाली उशी ठेवली.

चर्चमध्ये मी यानंतर कुमसाराला गेले, खरं. तिथल्या नव्या फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, देवाने केव्हाच क्षमा केली आहे. मला ते मान्य आहे. देवाबद्दल माझी तक्रार नाही. पण आजीची पाठ हा देवाचा आणि माझा प्रश्न नव्हता, तो वहिनींचा होता, आणि वहिनींनी क्षमा केली असं म्हटलेलं नाही. मी मागितलेलीही नाही. मागितली तर त्या बिचाऱ्या देतील, आणि मग त्यांना आणखी एक काम केल्यासारखं होईल.

आता माय नाही. वाडीतलं घर बंद आहे, फेरी बंद आहे. सुलभा वहिनींकडची बाई रविवारी येत नाही, आणि मुलगा-सून त्या दिवशी बाजार करतात. शनिवारी संध्याकाळची मीस करून मी मोकळी असते. रविवारी सकाळी मी जिना चढून जाते. मला तीन मजल्यांना तीनदा थांबावं लागतं. पेज त्यांच्या गॅसवर ठेवते, त्यांना कुशीवर करते, पाठ बघते. आम्ही फारसं बोलत नाही. अजून जखम झालेली नाही.